बिबट्यासकट झालेली पाहणी

बारामतीतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी विनया हिंगणे नेमकं कसलं संशोधन करते, हे तिच्या गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येकजण ते दुसऱ्याला समजावून सांगत असे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या मते ती पोलिसांना गुन्हेगार शोधून द्यायची. शेजारच्या काकूंच्या मते ती हट्टी मुलं सुधारायची. त्या आपल्या नातवाला तिची भीती घालून दूध पाजत. सगळ्यांत खात्रीनं बोलायच्या त्या तिच्या सासूबाई, द्वारकाबाई.

"सून पेपर तपासती माझी," त्या भाजीवालीला सांगत. "पर पोरांचं न्हाय. पेपर लिवणाऱ्या मोठमोठ्या डाक्टरांचं."

गंमत म्हणजे त्या खऱ्याच्या सर्वांत जवळ होत्या. ज्या मुलांना घरात मारझोड होते, ज्यांचा छळ होतो, ज्यांच्याशी ओळखीचंच कुणी नको तसं वागतं, त्यांच्या मनावर काय आघात होतो यावर जगभर अभ्यास होत असतात. विनया ते अभ्यास वाचायची आणि ते नीट झालेत का हे बघायची. मुलं कुठून निवडली? त्यांना विचारलं कुणी? विचारताना दाराशी कोण उभं होतं? मुलाशी बोलले, की त्याच्या आईला विचारून मोकळे झाले? तिच्या पीएचडीचा विषयच हा होता.

याची सुरुवात नोकरीच्या पहिल्या वर्षी झाली. वर्गात शिकवायला म्हणून तिनं एक नावाजलेला अभ्यास घेतला होता. छळ सोसलेली बहुतेक मुलं वर्षभरात सावरतात, असा त्याचा निष्कर्ष. वाचून बरं वाटावं असा. पण दुसऱ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं, की वर्षानं जी मुलं परत आलीच नाहीत ती मोजणीतून सरळ वगळली होती. "मग त्या न आलेल्यांचं काय झालं असेल?" तिनं वर्गाला विचारलं. हे परीक्षेला येणार नाही याची खात्री करून वर्गानं वह्या मिटल्या. विनयाला मात्र ती न आलेली मुलं सोडेनात. तिनं तोच विषय घेतला.

या कामाचा परिणाम घरावर व्हायचा तो झालाच. द्वारकाबाई सांगू लागल्या, की अमक्याच्या जावयाची पाठ एका तेलानं आठवड्यात बरी झाली, तर विनया विचारायची, "आणि तेल न लावलेला जावई?"

"त्येंना येकच जावई हाय," द्वारकाबाई म्हणत.

"तेच तर. तुलना कशाशी करणार?"

"जावयाची तुलना करायची नस्ती गं बाई."

भिगवणला मासे खायला गेले असताना हॉटेलमालक कौतुकानं म्हणाला, "आपल्याकडं येकदा जेवल्यालं गिऱ्हाईक माघारी येतंच." विनया म्हणाली, "जे आलं नाही ते तुम्हाला सांगायला कसं येणार?" त्या दिवशी त्यांच्या ताटात पडलेली चिलापी शेजारच्या टेबलावरच्यापेक्षा लहान होती, असं वसंताचं आजही ठाम मत आहे. वसंत म्हणजे विनयाचा नवरा, गुरांचा डॉक्टर. बायकोच्या कामाबद्दल त्याला आदर होता आणि थोडी असूयाही. "तुझ्या मुलांना निदान कुणीतरी चुकीचं का होईना विचारतं," तो म्हणे. "माझे पेशंट तर लाथच मारतात."

अशात एके दिवशी पुण्याहून रणजित आला. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा तो प्रमुख. तरुण, उत्साही, खादीचं जाकीट घातलेला. संस्थेनं इंदापूर तालुक्यातल्या काही शाळांत पाहणी केली होती. अहवाल छापून तयार होता आणि शनिवारी इंदापुरात त्याचं प्रकाशन होतं.

"फक्त एक नजर टाका मॅडम," तो म्हणाला. "तज्ज्ञ म्हणून मागच्या पानावर तुमचं नाव टाकलंच आहे."

"नजर टाकायच्या आधी?"

"छापखाना थांबत नाही ना मॅडम."

विनयानं चहा होईपर्यंत अहवाल चाळला आणि चहा निवेपर्यंत ती एकाच तक्त्यावर अडून बसली. शेळगावच्या बाजूच्या एका वस्तीशाळेत जवळजवळ सगळी मुलं 'तीव्र आघातग्रस्त' निघाली होती. भिगवणकडच्या एका शाळेत एकही नाही.

"एकही नाही?" तिनं विचारलं. "एखादं तरी?"

"तिकडचं वातावरणच छान आहे मॅडम. उजनीचं पाणी, रोहित पक्षी..."

"आणि शेळगावकडं?"

"तिकडं ऊस आहे," रणजित गंभीरपणे म्हणाला. "त्या अंगानं विश्लेषण चालू आहे."

तिनं प्रश्नावली मागून घेतली. परदेशात तयार झालेली, तिथं नीट पारखलेली, इथं कुणीतरी घाईघाईत मराठीत आणलेली. रणजित गेल्यावर तिनं भिगवणकडच्या शाळेत फोन लावला. तिथले गुरुजी मोठ्या अभिमानानं बोलले. "आमी सोता वर्गात हुबं राहून भरून घेतलं मॅडम. येकानं कुठंतरी 'हो'वर खूण केली हुती. त्याला जवळ बोलावलं, समजावून सांगितलं, खोडायला लावलं. आमच्या शाळंत असलं काय चालत न्हाय."

फोन ठेवून विनयानं तक्त्यातल्या त्या शून्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. ज्याला खोडायला लावलं, तो कोण, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि शेळगावला निघाली. द्वारकाबाईंचं माहेर तिथलंच. त्यामुळं कुणी न बोलावताच त्या गाडीत येऊन बसल्या. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. "भाच्यांची लेकरं असत्यात," त्या म्हणाल्या. वस्तीवर त्यांचे धाकटे भाऊ रामहरी यांनी शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. मधल्या सुट्टीनंतर मुलं लिंबाच्या झाडाखाली बसली.

विनयाला कुणाची चौकशी करायची नव्हती. प्रश्न मुलांना कळतात कसे, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं पहिला प्रश्न वाचला. "गेल्या काही दिवसांत तुला रात्री दचकून जाग आली का?"

"त्यावेळंला यायची!" सगळी एका सुरात.

"कशानं?"

"बिबट्यानं!"

मग जे सुरू झालं ते आवरता आवरेना. पाहणी झाली त्या दिवसांत वस्तीमागच्या उसात बिबट्या शिरला होता. एकानं तो वासराएवढा दाखवला, दुसऱ्यानं बैलाएवढा, तिसऱ्यानं तर सरपंचांच्या चारचाकीएवढा. वनखात्याचा पिंजरा लागला, त्यात आधी रामहरीमामांचं कुत्रं सापडलं, मग बिबट्या. विनया कागदावरचे प्रश्न वाचत गेली आणि प्रत्येक प्रश्नाला उसातून उत्तर येत गेलं.

"मोठी माणसं तुला घरात कोंडून ठेवायची का?"

"व्हय. दिस मावळला की आज्जी कडी लावायची."

"कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटायचं का?"

"हुतंच की मागावर!"

"जवळचं कुणी अचानक नाहीसं झालं का?"

"आमची शेरडी," एक पोरगी म्हणाली आणि खरंच रडायला लागली. तिला गप्प करायला सगळा वर्ग उठला.

संस्थेकडून पाहणी करायला आलेल्या मुलींनी प्रत्येक 'हो' इमानदारीनं लिहून घेतला होता. 'कशानं?' हा प्रश्न छापलेलाच नव्हता, म्हणून विचारला नव्हता. विनयाला हसूही येत होतं आणि आनंदही होत होता. सात समुद्रापलीकडचे पेपर वाचून ज्या चुका तिनं शोधल्या, त्यांतली एवढी ठसठशीत चूक शेळगावात लिंबाखाली बसली होती.

त्या आनंदात तिनं आपली स्वतःची पद्धत काढली. तिनं चेहऱ्यांचे तक्ते आणले होते. खूप हसरा, जरा हसरा, गप्प, रडका. मुलानं आत्ता कसं वाटतंय ते बोटानं दाखवायचं. शब्दांचा घोळच नको. पहिल्या पोरानं रडका चेहरा दाखवला. विनयानं ते टिपून घ्यायला मान खाली घातली आणि वर केली, तो पुढच्या सगळ्या मुलांची बोटं रडक्या चेहऱ्यावर. काही तर खदाखदा हसत दाखवत होती.

तिनं मागं वळून पाहिलं. द्वारकाबाई डबा उघडून बसल्या होत्या. रडका चेहरा दाखवला की लाडू.

"आई! अहो, माझा सगळा नमुना बिघडवलात!"

"काय बी बिघाडला न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "खाऊन बघ. गूळ बेतात हाय. लेकरू रडकं त्वांड दाखवतंय आन् मी बघत बसू व्हय?"

विनयानं तक्ते गोळा केले. शाळा सुटली, मुलं तोंडं पुसत पांगली. एक मुलगी तेवढी द्वारकाबाईंजवळ रेंगाळली. स्वराली तिचं नाव, तिसरी-चौथीतली असेल. बिबट्याच्या गोष्टी सगळे सांगत होते तेव्हा ही काही बोलली नव्हती, हे विनयाला आता आठवलं. मुलगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"बिबट्या माघारी यील का वो?"

"नाही गं," विनया धीर द्यायला म्हणाली. "त्याला लांब नेऊन सोडलाय. आता येत नाही तो."

मुलीचा चेहरा पडला. "यायला पायजे हुता."

"अगं बये!" द्वारकाबाई म्हणाल्या. "मांजर हाय व्हय त्ये?"

"तो हुता तवा समदी येकाच खोलीत निजायची," स्वराली म्हणाली. "आता न्हाय निजत."

विनयानं तक्ते बाजूला ठेवले आणि ती मुलीजवळ खाली बसली. मूल असं काही बोललं की मोठी माणसं काय काय बिघडवतात, यावर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. दहा प्रश्न विचारतात. मुलाच्या तोंडात आपले शब्द घालतात. किंकाळी फोडतात. कुणाला सांगणार नाही असं वचन देतात आणि मोडतात. तिला आत्ता हे सगळं एकदम करावंसं वाटत होतं. तिनं द्वारकाबाईंच्या गुडघ्यावर हात दाबून त्यांना गप्प बसवलं आणि आवाज होता तसाच ठेवून एवढंच म्हणाली, "सगळी एका खोलीत असली की बरं वाटतं?"

"व्हय. मग मधी कुणी येत न्हाय."

"सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझं काही चुकलेलं नाही. एक बाई आहेत, त्यांचं कामच हे आहे. त्यांना मी सांगणार आहे. त्या येतील तुझ्याशी बोलायला."

मुलीनं विचार केला. "जीपमधनं येत्याल का?"

"बहुतेक."

"पुढं बसू देत्याल?"

"मी सांगते त्यांना," विनया म्हणाली.

रणजितच्या तक्त्यात त्या वस्तीवरची जी एखाद-दोन मुलं अगदी निरोगी निघाली होती, रात्री गाढ झोपणारी, कुणाला न भिणारी, त्यांत ही असणार, असं विनयाला वाटलं. लगेच तिनं स्वतःला बजावलं, की हेही अजून सिद्ध झालेलं नाही. मग ती रामहरीमामांच्या ओसरीवर गेली आणि मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरवर, दहा नऊ आठला, फोन लावला.

फोन संपेपर्यंत रामहरीमामा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "सूनबाई, जरा दमानं घ्या. गावाची अब्रू जाती. मी जातो त्येंच्या घरी, समजुतीनं सांगतो."

"मामा, तुम्ही जायचं नाही आणि कुणाला काही सांगायचंही नाही. तुम्ही समजुतीनं सांगितलंत तर उद्या ती पोरगी 'काहीच झालं नाही' म्हणेल. तसं म्हणायला लावतील तिला."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "बरं. न्हाय जात."

मामांचं ठीक होतं. खरी धास्ती द्वारकाबाईंची होती. वल्लरी, म्हणजे बालसंरक्षणाचं काम करणारी कार्यकर्ती, सकाळी येणार होती. तोवर माहेरी राहायचं, संध्याकाळभर भेटायला येणाऱ्या बायकांत बसायचं आणि पोटात काही ठेवायचं, हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलेलं नव्हतं. शेजारची फुलाबाई दारात दिसताच त्यांनी डोक्यावरचा पदर काढून गालाला करकचून बांधला.

"काय झालं गं आक्का?"

द्वारकाबाईंनी दाढेकडं बोट दाखवलं आणि डोळे मिटले. फुलाबाईनं लवंग आणली. दुसरीनं तंबाखू. तिसरीनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. द्वारकाबाईंनी सगळं सोसलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. विनया म्हणते, तिनं पाहिलेल्या धैर्याच्या गोष्टींत ही एक आहे.

सकाळी वल्लरी आली, बरोबर साध्या साडीतल्या एक पोलीस बाई. बाकीचं जे झालं ते दाराआड, त्या मुलीच्या कलानं आणि तिच्या शब्दांत झालं. विनयाला आत बोलावलं नाही आणि तिनंही डोकावलं नाही. घरातल्याच एका माणसाला पोलीस घेऊन गेले. स्वरालीची आई आधी रडली, मग विनयावर चिडली, मग पोरीचे कपडे पिशवीत भरून तिच्याबरोबर सुप्याला बहिणीकडं गेली. जाताना स्वराली जीपमध्ये पुढं बसली.

यानंतर शनिवारचा समारंभ. विनयानं रणजितला फोनवर बिबट्या समजावून सांगितला होता. रणजित म्हणाला, "मॅडम, दुरुस्त्या दुसऱ्या आवृत्तीत." स्वरालीबद्दल तिला बोलायचं नव्हतं, बोलताही येणार नव्हतं. ती इंदापूरला पोचली तेव्हा सभागृहावर भलामोठा फलक होता, 'कोमेजलेलं बालपण : एक धक्कादायक वास्तव', आणि समोर शेळगावकडून टेम्पो भरून आलेली माणसं होती. पुढं रामहरीमामा. सगळ्या गावाची पोरं मनानं आजारी आहेत असं कुणी लिहिलंय, ते त्यांना बघायचं होतं.

प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले वयोवृद्ध पुढारी आबा आले होते. हार घालून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. रणजितनं आकडे वाचले. मागून आवाज आला, "आमची पोरं येडी व्हय रं?" रणजितनं घाम पुसला आणि "आता आपल्या तज्ज्ञ विनयाताई दोन शब्द बोलतील," म्हणून ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला.

"या पाहणीत खोटं काही नाही," विनया म्हणाली. "मुलं खरंच घाबरलेली होती. फक्त पाहणीनं मोजलं ते त्यांच्या घरात काय चालतं ते नाही. पाहणीनं मोजला तो बिबट्या."

बिबट्या हा शब्द ऐकताच आबा जागे झाले.

"पिंजरा!" ते म्हणाले. "दोन पिंजऱ्यांची मागणी मी आजच लावून धरतो!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढं विनया सांगत होती ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. तरी ती सांगत राहिली, की जिथं एकही 'हो' आला नाही त्या शाळेची तिला जास्त काळजी वाटते. शेळगावकर उठून बिबट्याची हकिकत सांगू लागले. कळस गावची माणसं म्हणाली, आमच्याकडं तरस आहे. अहवालाचं प्रकाशन राहूनच गेलं. स्थानिक बातमीत छापून आलं, 'इंदापुरात बिबट्याप्रश्नी विचारमंथन'. खाली तज्ज्ञ म्हणून विनयाचं नाव. महिनाभर तिला वन्यप्राण्यांबद्दल फोन येत होते.

रणजित चिडला, अबोला धरला, आणि एक दिवस बारामतीला दारात उभा राहिला. जाकीट नव्हतं.

"त्या भिगवणकडच्या शाळेचं मनातून जात नाही मॅडम," तो म्हणाला. "खोडायला लावलेल्या त्या मुलाचं. पुन्हा करायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू?"

विनयाला तो त्या क्षणी प्रथमच आवडला. "मुलानं 'हो' म्हटलं तर पुढं कोण येणार, ते आधी ठरवा," ती म्हणाली. "माणूस, गाडी, फोन नंबर. ते ठरल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही. मग भाषा. मग गुरुजींना बाहेर चहाला कुणी न्यायचं ते."

"त्यालाही पद्धत म्हणतात?"

"तीच अवघड आहे. चहा तासभर पुरवावा लागतो."

नवी पाहणी व्हायला वर्ष गेलं. तिचे आकडे धक्कादायक नव्हते, त्यामुळं फलक लागला नाही आणि आबाही आले नाहीत. पण कुठल्याच गावात शून्य नव्हतं, भिगवणकडंही नाही. आणि ज्या मुलांनी 'हो' म्हटलं, त्यांच्या दारात कुणीतरी गेलं. विनयाचा प्रबंधही पुरा झाला. त्यात स्वराली कुठंच नाही. वसंतानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती काही माझा पुरावा नाही." पदवी मिळाल्यावर दारावर 'डॉ.' लागलं, तेव्हापासून मेडिकलवाला खोकल्याची माणसं तिच्याकडं धाडतो आणि ती त्यांना वसंताकडं पाठवते. वसंत त्यांना जीभ बाहेर काढायला लावतो, सवयीनं.

परवा वल्लरीचा फोन आला होता. सांगता येण्यासारखं तेवढंच ती सांगते.

"सुप्याची मावशी तक्रार करत होती," ती म्हणाली. "म्हणे, आली तेव्हा पोरगी किती गुणाची होती, सांगेल ते ऐकायची. आता शब्दाला शब्द देते. पिवळा फ्रॉक घालणार नाही म्हणजे नाही. वर्गातल्या एका मुलानं वेणी ओढली तर त्याचं दप्तर पाण्याच्या टाकीत टाकलं."

"आणि झोप?" विनयानं विचारलं.

"एकटी नाही झोपत अजून. पण मावशीजवळ नको म्हणते. मावशी घोरते म्हणे."

विनया हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. गोठ्यातून नुकताच आलेला वसंत दारातच थांबला.

"काय झालं?"

"सुप्यात भांडणं चालली आहेत," ती म्हणाली. "रोज. खूप."

आणि चहा टाकायला आत गेली.